आधी ट्रायल लॉट, मग शेड्यूल

आयटी कंपनीच्या शेअरबद्दल मत नसलेला माणूस मला पुण्यात अजून भेटायचा आहे. कोथरूडला आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावरून कुणी ना कुणी हिंजवडीला, खराडीला नाहीतर मगरपट्ट्याला जातं, आणि ज्याच्या घरातलं कुणी जात नाही त्याचा भाडेकरू जातो. त्यामुळे दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर शेअरची नावंही पुढे येतात. ‘पर्सिस्टंट तीनशे दहाला आला होता, तेव्हा घेतला असता तर!’ हे वाक्य तर मला पाठ झालंय. हिशेब खरा आहे. पुण्याच्या या सॉफ्टवेअर कंपनीचा २०१०ला ३१० रुपयांनी आयपीओ आला, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला निघाला, २०१५ला एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, मिळाला, २०२४ला एकाचे दोन झाले. म्हणजे तेव्हाच्या एका शेअरचे आज चार. फक्त हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो घेतलेला नसतो, आणि ज्यांनी घेतला त्यांनी ‘चाळीस टक्के सुटले की’ म्हणून पहिल्या वर्षातच विकलेला असतो.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये अकाउंट्स सांभाळते. गाड्यांच्या पार्टचं मशिनिंग करतो आम्ही. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना आम्ही माल देतो. २०२०च्या एप्रिलमध्ये एकही इन्व्हॉइस निघालं नाही, जीएसटीचं रिटर्न निल भरलं. घरात बसून करायचं काय, म्हणून डिमॅट खातं उघडलं. त्या वर्षी देशात लाखो लोकांनी तेच केलं. माझ्याकडे जास्तीचं एवढंच होतं की ताळेबंद वाचायची सवय होती, आणि भाव बघायची सवय अजिबात नव्हती.

शेअर निवडायची जी पद्धत पुढे मी धरली ती कुठल्या तज्ज्ञाकडून घेतलेली नाही, ती आमच्या शॉपफ्लोअरवरची आहे. नवा वेंडर घ्यायचा असला की आमचे मालक त्याचं ब्रोशर बाजूला ठेवतात आणि पन्नास नगांचा ट्रायल लॉट देतात. माप बरोबर आहे का, फिनिश कसं आहे, सांगितलेल्या तारखेला माल आला का, एवढंच बघायचं. पास झाला तर पुढची ऑर्डर दोनशेची. तीही नीट आली की महिन्याचं शेड्यूल, म्हणजे दरमहा ठरलेली ऑर्डर. ट्रायल लॉटमध्ये कुणाला पैसे मिळवायचे नसतात, उलट तो नग महागच पडतो. तो खर्च माणूस ओळखण्याचा असतो. आणि रिजेक्शन आलं, तर त्याच वेंडरला ‘आता स्वस्तात देतोस का’ म्हणून मोठी ऑर्डर कुणी देत नाही. शेअरबाजारात मात्र लोक नेमकं हेच करतात, पडलेला शेअर स्वस्त झाला म्हणून आणखी घेतात, आणि त्याला ॲव्हरेजिंग म्हणतात.

तर मी ठरवलं ते असं. एका कंपनीला सुरुवातीला पाच हजार. शेअरचा भाव त्याहून जास्त असला तर एकच शेअर. या सगळ्या ट्रायलसाठी मिळून एक लाखाची मर्यादा, त्याच्या वर वाढ फक्त पास झालेल्यांना. म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि पीपीएफ यांना हात लावायचा नाही. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “पाच-पाच हजार टाकून काय होणार? एक तर नीट घे, नाहीतर एफडी कर.” हा प्रश्न योग्य होता, त्याच्याकडे नंतर येते.

इतक्या थोड्या पैशात इतक्या कंपन्या कशासाठी, याचं एक कारण मला नंतर वाचनात मिळालं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे हेन्ड्रिक बेसेमबाइंडर यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९२६पासून बाजारात आलेल्या सगळ्या शेअरचा त्यांनी हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त शेअरनी आयुष्यभरात ट्रेझरी बिलाइतकंही, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्याइतकंही, दिलं नाही, आणि त्या बिलांच्या वर जी काही निव्वळ संपत्ती तयार झाली ती सगळी साधारण चार टक्के कंपन्यांनी केली. हे चार टक्के कोणते, हे आधी ओळखता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. ॲमेझॉनचा शेअर डॉटकॉमच्या पडझडीत नव्वद टक्क्यांहून जास्त पडला होता. २००१ साली त्याच्याकडे बघून कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं असं मला वाटत नाही. इन्फोसिसचंच घ्या. १९८१ला आपल्या पुण्यात, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली कंपनी. १९९३ला ९५ रुपयांनी तिचा इश्यू आला तेव्हा तो पूर्ण भरलासुद्धा नव्हता.

खर्चाचं आधी सांगते, कारण छोट्या रकमेत तोच जास्त टोचतो. डिलिव्हरीने, म्हणजे खात्यात ठेवण्यासाठी, शेअर घेताना एसटीटी हा व्यवहारावरचा कर ०.१ टक्का, विकताना पुन्हा ०.१ टक्का, घेताना स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्का. हे सगळं टक्क्यात असल्यामुळे जाणवत नाही. जाणवतो तो डीपी चार्ज, डिमॅटमधून शेअर बाहेर काढायचं शुल्क. एका दिवशी एका कंपनीचे शेअर विकले की बहुतेक ब्रोकर पंधरा रुपयांच्या आसपास लावतात, मग तुम्ही एक शेअर विका की हजार. पाच हजारांवर पंधरा रुपये ठीक आहे. हजार-हजारांचे तुकडे करून विकलं तर प्रत्येक वेळी दीड टक्का गेला. त्यामुळे ट्रायलची रक्कम फार बारीक करू नये, आणि नापास कंपनी एका झटक्यात पूर्ण विकावी. विकताना टीपिन आणि ओटीपी टाकायला लागतो, हा लोकांना जाच वाटतो. मला तो बरा वाटला. तेवढ्या वेळात हात आवरता येतो.

घेण्याआधी एका वहीत प्रत्येक कंपनीचं एक पान. त्यावर ‘चांगली कंपनी आहे’ असलं काही लिहायचं नाही. पुढच्या निकालात कोणता आकडा बघायचा आणि तो कुठे असला तर पास, एवढं लिहायचं. आयटी कंपन्यांच्या निकालात आकड्यांचा पाऊस असतो. चलनाचा परिणाम वगळून वाढ किती, नवीन करार किती डॉलरचे, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, पहिल्या पाच ग्राहकांकडून येणारा हिस्सा. हे सगळं बघावं. पण अकाउंट्सवाल्या बाईची नजर आधी उधारीवर जाते, माझीही तिथेच गेली.

आमच्या धंद्यात उधारी म्हणजे रोजचं मरण. लघुउद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या असं २००६चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात महिन्यातला निम्मा वेळ मी फोनवर ‘साहेब, पेमेंटचं बघा ना’ करत असते. सॉफ्टवेअर कंपनीचंही तसंच. वर्षअखेरची येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५, एवढ्यात पैसे यायला किती दिवस लागतात ते कळतं. एक खुबी मात्र लक्षात ठेवावी लागते. आयटी कंपन्यांत ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ नावाचा एक वेगळा रकाना असतो. काम झालं, विक्रीत धरलं, पण बिल अजून पाठवलं नाही. तो रकाना येण्यात मिळवला नाही, तर साठ दिवसांची उधारी दिसते आणि असते नव्वदची. ग्राहक कुरकुरतोय, काम मान्य करत नाही, भावावरून घासाघीस चाललीय, याची चाहूल अनेकदा तिथे आधी लागते.

दुसरी जागा म्हणजे नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांचं प्रमाण. तीन-चार वर्षांची बेरीज करून बघायची, एका वर्षावर जायचं नाही. तिसरी जागा, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपन्यांपुरती: इंजिनिअरांचे पगार खर्चात टाकलेत, की ‘तयार होत असलेली अमूर्त मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात चढवलेत? नियमात बसतं ते, चोरी नाही. पण पगार मालमत्तेत गेला की त्या वर्षीचा नफा गुटगुटीत दिसतो.

आणि चौथी, बँकेतल्या पैशावर व्याज किती आलं. ही सवय सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीमुळे लागली. ७ जानेवारी २००९ला त्यांच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख-बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या एका दिवसात शेअर एकशे ऐंशीच्या घरातून चाळिसाच्या आसपास आला. तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीची मोठी शिल्लक दिसली की व्याजाचा दर काढून बघते. अर्थात हे जाळं पक्कं नाही. सत्यमने ३७६ कोटींचं व्याजही खोटंच दाखवलं होतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. २०२०च्या उत्तरार्धात आणि २०२१मध्ये काहीच कळलं नाही, कारण सगळंच वर गेलं. मोठ्या आयटी कंपन्यांचा निफ्टी आयटी निर्देशांक त्या दोन्ही वर्षांत दर वर्षी पन्नास टक्क्यांहून जास्त वाढला. माझ्या वहीतली चांगली, बरी आणि संशयास्पद, तिन्ही प्रकारची पानं हिरवी. लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी आता भाव तोंडपाठ सांगायला लागले होते. सोसायटीतल्या एकाने नोकरी सोडून ट्रेडिंग करायचं मनावर घेतलं (बायकोने वेळेवर हाणून पाडलं). असल्या काळात ट्रायलचा निकाल भावावरून लावला तर सगळेच वेंडर पास. म्हणून मी त्या दोन वर्षांत कुणालाच दुसरी ऑर्डर दिली नाही, फक्त तिमाही निकाल वहीत उतरवत गेले.

संशयास्पद पानांपैकी एक कंपनी, नाव नको, छोटी, स्वतःचं प्रॉडक्ट असलेली. विक्री छान वाढत होती. उधारी मात्र पावणेचार महिन्यांवरून पाच महिन्यांवर गेली, अनबिल्ड फुगलं, आणि पगारांचा मोठा भाग मालमत्तेत चढायला लागला. वार्षिक अहवालात याचं कारण ‘धोरणात्मक गुंतवणूक’ असं होतं. मी विकली. त्यानंतर ती कित्येक महिने वरच जात राहिली आणि घरात मला ऐकवलं गेलं. पुढे ती पडली, बरीच पडली, पण त्यातून मला फार आनंद झाला असं नाही. विकल्यानंतर वर जाणारी कंपनी बघत बसणं हा या पद्धतीचा भागच आहे. रोज भाव बघितला नाही तर सोसतो.

आता केपीआयटी. ही कंपनी मला आमच्या कामामुळेच सुचली. पुण्यातल्या किर्तने-पंडित या सीए फर्ममधून १९९०मध्ये निघालेली. आमच्या पेशातल्या लोकांना तिचं थोडं कौतुक आहेच. २०१८ला तिने बिर्लासॉफ्टबरोबर करार केला. जुन्या कंपनीतला व्यवसायांच्या आयटीचा भाग बिर्लासॉफ्टकडे गेला, आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा भाग वेगळा होऊन एप्रिल २०१९ला केपीआयटी टेक्नॉलॉजीज म्हणून बाजारात आला. जुन्या एका शेअरमागे नवा एक मिळाला. भोसरीत बसून आम्हाला दिसत होतं की इंजिनाच्या पार्टच्या नव्या चौकश्या कमी होतायत आणि गाडीवाले सगळा वेळ इलेक्ट्रॉनिक्सचं बोलतायत. म्हणून एक पान तिचं.

पण २०२०मध्ये आकड्यांत काही नव्हतं. मार्चमध्ये गाड्यांचे कारखाने बंद पडले तेव्हा हा शेअर चाळिसाच्या आसपास गेला होता. मी घेतला तेव्हा शंभराच्या थोडा वर होता, आणि त्या आर्थिक वर्षाची विक्री आधीच्या वर्षापेक्षा कमीच आली, २,०३६ कोटी. माझ्या वहीत ‘नापास नाही, पण पासही नाही’ असा शेरा आहे. आणि २०२१मध्ये भाव सव्वाशे-दीडशेवरून सहाशेच्या घरात गेला! विक्री तेवढ्यात वाढली फक्त पाचव्या हिश्शाने. २०२१-२२ची विक्री २,४३२ कोटी. नफ्याचं प्रमाण सुधारत होतं, पण सलग चार तिमाह्या विक्री आणि रोकड दोन्ही वाढल्याशिवाय दुसरी ऑर्डर नाही, हा माझाच नियम. तो पाळला. म्हणजे शंभर ते सहाशे हा सगळा प्रवास मी पाच हजारांवर बसून बघितला.

ही या पद्धतीची खरी किंमत आहे आणि ती कुणी सांगत नाही. ट्रायलचे पाच हजार बुडाले तर फारसं बिघडत नाही. पण ट्रायलमधला शेअर दहा पट झाला तरी हातात येतात पन्नास हजार, त्यात घराचं रंगकामही होत नाही. ह्यांचा सुरुवातीचा प्रश्न तोच होता. विजेता सापडणं हा अर्धाच भाग. सापडल्यावर त्यात जास्त पैसे, आणि तेही चढ्या भावाने, घालता आले पाहिजेत. नाहीतर ट्रायल म्हणजे नुसती हौस.

२०२२ आलं आणि परीक्षा झाली. निफ्टी आयटी त्या वर्षात चौथाईहून जास्त घसरला. अमेरिकेत व्याजदर वाढले, लॉकडाउनमध्ये उत्साहात काढलेली प्रोजेक्ट ग्राहकांनी थांबवली, नोकरी बदलणाऱ्यांना पगारवाढी देऊन कंपन्यांचा नफा आटला. वहीतली बरीच पानं एकदम प्रामाणिक झाली. केपीआयटीचा शेअरही वर्षाच्या मध्यात चांगलाच आपटला, पण तिमाही निकालात विक्री चढतच होती, उधारी आटोक्यात होती, आणि गाडी कंपन्यांनी पुढच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरचे करार लांबणीवर टाकल्याचं दिसत नव्हतं. त्यात म्युनिकची टेक्निका ही कंपनी त्यांनी विकत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा मी थोडी थांबले. विकत घेतलेली विक्री आणि मिळवलेली विक्री वेगवेगळी करून बघायला लागते. वेगळी केली तरी वाढ होती. मग ऑक्टोबरच्या निकालानंतर सातशेच्या आसपास दुसरी ऑर्डर टाकली. पंचवीस हजारांची.

त्या संध्याकाळी घरातला संवाद असा:

“अगं, हा तोच ना, शंभरला घेतलेला?”

“तोच.”

“मग तेव्हा पंचवीस हजारांचा का नाही घेतलास? आता सहा पट देऊन घेतेयस!”

“अहो, तेव्हा विक्री घटत होती. आता वाढतेय, आणि बाकीच्यांची अडकलीय तेव्हा वाढतेय. तेव्हाच्या शंभरात अंदाज होता.”

“म्हणजे सहाशे रुपये शेअरमागे तू खात्रीचे दिलेस.”

बँकेतल्या माणसाला हे इतक्या नेमकं सांगता येईल असं मला वाटलं नव्हतं. खात्रीचे पैसे, बरोबर. मला ते अंदाजाच्या शंभरापेक्षा कमी महाग वाटतात, कारण शंभरला मी पंचवीस हजार टाकूच शकले नसते. टाकले असते तर दीडशेला विकून मोकळी झाले असते. २०२२-२३ची विक्री ३,३६५ कोटी आली, २०२३-२४ची ४,८७१ कोटी. मधल्या काळात होंडाने त्यांना सॉफ्टवेअरच्या कामात भागीदार म्हणून घेतल्याचं जाहीर झालं. प्रत्येक वार्षिक निकालानंतर थोडी थोडी ऑर्डर वाढवली. २०२३च्या शेवटी भाव दीड हजाराच्या आसपास होता. पर्सिस्टंटमध्येही याच वाटेने गेले, फक्त तिथे वाट सरळ होती: २०२०-२१ची विक्री ४,१८८ कोटी, २०२२-२३ची ८,३५१ कोटी. दोन वर्षांत दुप्पट. तिथे वहीत लिहायला फारसं काही उरलंच नाही. एवढं पुरे.

आयपीओला मात्र मी ट्रायल मानत नाही, आणि यावर माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत. नोव्हेंबर २०२३मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचा इश्यू आला. कंपनी हिंजवडीची, नाव टाटांचं, ५०० रुपये भाव, तीस शेअरचा लॉट, म्हणजे पंधरा हजार. अख्ख्या सोसायटीने अर्ज केले. १,२००ला लिस्ट झाला. ज्यांना मिळाला त्यांनी पेढे वाटले, ज्यांना नाही मिळाला त्यांनी पहिल्याच दिवशी बाजारातून घेतला, आणि त्यांची गंमत पुढे वर्षभर चालली, कारण भाव पुन्हा तिथे टिकला नाही. त्याआधी २०२१ला पेटीएम २,१५०ला आला आणि पहिल्या दिवशीच त्याच्या चौथाईहून जास्त खाली बंद झाला. दोन्हीकडे पहिल्या दिवसाच्या भावाने कंपनीबद्दल काहीच सांगितलं नाही. आयपीओत तुम्ही वेंडर तपासत नाही, सोडतीत चिठ्ठी टाकता. टाकावी, मजा असते. पण वहीत पान उघडायचं ते बाजारात आल्यावर निदान चार तिमाही निकाल हातात आले की. विक्रेत्याने स्वतः सजवलेल्या आकड्यांपेक्षा ते बरे.

लोकांना वाटतं, पुण्यात राहिल्याचा फायदा होत असेल. माझा भाचा अशाच एका लिस्टेड कंपनीत आहे. त्याच्या कंपनीबद्दल मी त्याला कधी विचारत नाही आणि तो बोलत नाही. सेबी या बाजार नियामकाचे २०१५चे इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतल्या माहितीवर व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम त्यांच्यावर आहेतच. तिमाही संपली की निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या लोकांना शेअरच्या व्यवहाराला बंदी, आणि आतली माहिती मावशीला सांगितली तर मावशीही अडकते. आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचा उपयोग शून्य. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या गर्दीवरून शेअर निवडता आले असते तर अख्खं वाकड आज श्रीमंत असतं.

अडचण येते ती वेळेची. निकाल जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतात, आणि तेच दिवस माझ्या ऑफिसात जीएसटीच्या रिटर्नचे, जीएसटीआर-१ आणि ३बीचे, अकरा आणि वीस तारखेचे. मॅनेजमेंटचा विश्लेषकांशी झालेला संवाद लिखित स्वरूपात एक्स्चेंजच्या साइटवर मिळतो. तो वाचण्यासारखा असतो, विशेषतः शेवटचे प्रश्न, कारण तोपर्यंत सगळे दमलेले असतात आणि उत्तरं सरळ यायला लागतात. पण हे दोन-तीन तासांचं काम आहे, प्रत्येक कंपनीचं. सुरुवातीला मी हौसेने पानं वाढवत गेले. मग लक्षात आलं की जी कंपनी मी वाचत नाही, तिच्यातले पाच हजार ट्रायल नाहीत, ते नुसते पडून आहेत. आता नवं पान उघडायचं तर जुनं एक बंद करायचं, असा दंडक आहे.

कराचं एक सांगायला हवं. डिमॅटमध्ये जो शेअर आधी आला तो आधी विकला असं धरतात. त्यामुळे ट्रायल आणि वाढीव ऑर्डर वेगवेगळ्या वर्षांतल्या असतील, तर थोडे विकताना स्वस्तातले ट्रायलचे शेअर आधी जातात आणि नफा मोठा दिसतो. पण ते वर्षाहून जुने असल्यामुळे कर दीर्घकालीन लागतो. २३ जुलै २०२४पासून तो साडेबारा टक्के आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के. नापास कंपन्यांचा तोटा वाया जात नाही. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो, मात्र रिटर्न मुदतीत भरलेलं असलं पाहिजे. मी दर मार्चमध्ये वही आणि तोट्याची यादी समोरासमोर ठेवून बसते. वर्षभर ज्यांना ‘बघू अजून एक तिमाही’ म्हणून ठेवलेलं असतं, त्यांचा निकाल बहुतेक तेव्हा लागतो.

शेड्यूल जसं वाढतं तसं कमीही व्हायला हवं, आणि हे वाढवण्यापेक्षा अवघड आहे. २०२५ला अमेरिकेने आयात गाड्यांवर पंचवीस टक्के शुल्क लावलं. युरोपातल्या गाडी कंपन्या खर्चाला कात्री लावायला लागल्या, आमच्याच शेड्यूलमध्ये त्याची झळ दिसली, आणि केपीआयटीच्या वाढीचा वेग मंदावला. कंपनी वाईट झाली नाही. पण वहीत पाससाठी जो आकडा लिहिला होता त्याच्या खाली ती आली, म्हणून मी हिस्सा कमी केला. भाव तोपर्यंत वरच्या टोकापासून बराच उतरला होता. टोकाला विकायचं या पद्धतीत नसतंच, कारण टोकाला निकाल चांगलेच असतात. जे राहिलेत ते राहू दिलेत, आणि पुढची ऑर्डर देण्याआधी पुन्हा चार तिमाह्या.

आता एआयमुळे सगळी आयटीच संपणार, असं सोसायटीतले तेच लोक सांगतायत जे २०२१मध्ये भाव पाठ म्हणत होते. मला माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. डेटा सेंटरला सामान पुरवणाऱ्या एक-दोन कंपन्यांची नवी पानं उघडलीत. एकीची उधारी बघून आत्ताच कपाळाला हात लावलाय, पण पाच हजारच आहेत.

भाच्याला ही वही बघून उत्साह आलाय. त्याचा पगार त्याच्या कंपनीतून, ईसॉप, म्हणजे कर्मचारी म्हणून मिळणारे शेअर, त्याच कंपनीचे, आणि पहिली ट्रायलही त्याला त्याच कंपनीत करायची होती. “मावशी, मला आतून माहितेय गं, कंपनी मस्त चाललीय.” मी म्हटलं, सगळ्यांना जाहीर केलेलंच विचारते, तुमची उधारी किती दिवसांची? त्याला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर वार्षिक अहवाल काढून दिला आणि अनबिल्डचा रकाना कुठे असतो ते दाखवलं. आता तो गणित करत बसलाय.